पाण्याची वेळ

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुकादम उठतो.
नाव ह्यांनीच ठेवलेलं:
काम काही नाही, नजर सगळ्यांवर.
मोरीच्या भिंतीसमोर जाऊन बसतो,
शेपूट पायांभोवती नीट गुंडाळून,
आणि बघत राहतो.

भिंतीवर काही नाही.
पाल नाही, मुंगी नाही.
ओल धरलेला चुना, एक खिळा,
खिळ्याला अडकवलेलं गाळणं.

समोरच्या दमयंतीबाई म्हणाल्या,
त्याला लोटणकर दिसतात हो.
मांजराला दिसतं, आपल्याला नाही दिसत.
त्यांनी उतरवायला लिंबू दिलं, मी त्याचं सरबत केलं.
पण दुसऱ्या दिवशी गजर लावून उठले,
मुकादमाशेजारी फरशीवर बसले
आणि मीही बघितलं.
खोटं कशाला सांगू, आठ दिवस बघितलं.

नसीम प्लंबर आला तेव्हा सहज विचारलं.
त्यानं भिंतीला कान लावला, पान्यानं ठोकलं,
म्हणाला, भाभी, इथून पाइप जातो.
पाणी सुटलं की आधी हवा पळते.
आपल्याला नळ फुसफुसला की कळतं,
ह्याला खालच्या नाक्यावर व्हॉल्व उघडला तेव्हाच.

व्हॉल्व.
भांडुपच्या टेकडीखाली सव्वीस वर्षं
तो ह्यांनीच उघडला.
माणसाएवढी लोखंडी चावी, बेचाळीस आटे.
एकेचाळिसाव्याला थांबलो, म्हणायचे,
तर वरच्या आळीत बादली भरत नाही.
झोपेतसुद्धा मनगट फिरायचं.
आता दुसरं कुणी फिरवतं.
किती आटे, मला काय माहीत.
बादली भरते.

हे कळलं, तर मुकादमानं दुसरंच काढलं.
ह्यांचा खाकी शर्ट मी उशाशी ठेवला होता, न धुता.
कॉलरला घाम, गंज, तंबाखूची पूड.
चार महिने कुणाला हात लावू दिला नाही.
मुकादम त्यावर चढला
आणि माझ्याकडे बघत मुतला.
मी त्याला झाडू मारला,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि जिन्यात जाऊन रडले.
कुणासाठी, ते विचारू नका.

मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं.
म्हणाल्या, राग नाही, सूड नाही,
दुःखसुद्धा नसेल. लघवीत खडे आहेत.
दुखतं म्हणून मऊ जागा शोधतो.
मांजर तक्रार करत नाही, जागा बदलतं.
पाणी पाजा भरपूर, वाहतं असेल तर बरं.
तीनशे ऐंशी रुपये. पावती.

शर्ट धुवावा लागला.
चार दहाच्या पाण्यात,
पहिली गढूळ धार सोडून देऊन.
साबण दोनदा लावला.
वास गेला.
दोन्ही वास गेले.

आता मुकादम नळाची धार चाटतो,
ताटलीतलं पाणी पंज्यानं ढकलून देतो.
बरा आहे.
म्हणतात मांजर डोळे मिटून दूध पितं.
हा डोळे मिटतो तेव्हा समोर दूध नसतं,
मी असते.
सावकाश मिटतो, सावकाश उघडतो.
हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहिलं.
मीपण तसंच करते, उत्तर म्हणून,
प्रश्न काय होता ते ठाऊक नसताना.

आणि एक तर कुणालाच विचारलेलं नाही.
साडेपाचला, ह्यांची ड्यूटी सुटायची त्या वेळेला,
तो मोरीपासून उठतो
आणि दाराच्या कडीखाली जाऊन बसतो,
कान पुढे.

दारातून पाइप जात नाही.
मी हात लावून पाहिलं.